एका आवाजाची खरेदी

संसारात माणसाला काय काय विकत घ्यावे लागते! कलिंगड बोटाने वाजवून घ्यावे, हापूस नाकाने घ्यावा, साडी दुसऱ्याच्या डोळ्यांनी घ्यावी, आणि राहती जागा साडूच्या सल्ल्याने घेऊन पुढे जन्मभर त्याला बोल लावावा, इतपत अनुभव मला बासष्ट वर्षांत आला होता. पण निव्वळ आवाज विकत घेण्याचा प्रसंग माझ्यावर कधी आला नव्हता. तो गेल्या दिवाळीत आला.

त्याचे असे झाले. आमची धाकटी लेक गिटार वाजवते. आठवीत असताना तिने प्रथम गिटार मागितली, तेव्हा घरात थोडा विचारविनिमय झाला. आमच्या घराण्यात (घराणे म्हणजे आडनावाचे, गाण्यातले नव्हे) तंबोऱ्याला मान होता, पेटीला बंदी होती, आणि गिटार ही सिनेमातल्या नायकाने झाडाखाली उभे राहून हातात धरायची वस्तू आहे अशी माझी समजूत होती. पण लेकीने कपाटातली 'कॉल ऑफ द व्हॅली' ही १९६७ सालची तबकडी काढली आणि तिचे वेष्टण माझ्या नाकासमोर धरले. शिवकुमार शर्मांचे संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या जोडीला त्यात ब्रिजभूषण काबरा यांची गिटारच आहे. ज्या तबकडीवर आपण वर्षानुवर्षे मान डोलावली तिच्यात काय वाजते हे आपल्याला ठाऊक नव्हते, असे कबूल करण्यापेक्षा गिटार घेऊन देणे सोपे होते. मी ती घेऊन दिली.

तेव्हापासून दर पाडव्याला संध्याकाळी आमच्या पार्ल्याच्या जागेत एक छोटीशी बैठक होते. सोफा गॅलरीत जातो, बारा बाय चौदाच्या दिवाणखान्यात जाजम पसरते, आणि नातेवाईक, शेजारी, लेकीच्या मैत्रिणी अशी वीस-पंचवीस मंडळी त्यावर मावतात. मुंबईत माणसे मावतातच. फराळाच्या बशा फिरतात आणि लेक वाजवते. तिची गिटार विजेवरची नव्हे. साधी लाकडी, पोकळ पोटाची. आणि नखी न वापरता ती नुसत्या बोटांनी वाजवते, त्यामुळे आवाज फार कोवळा येतो. पंख्याची घरघर, खालच्या अंगणातली लवंगी माळ, चकली मोडल्याचा कटकन् होणारा नाद आणि "अय्या, अनारसे घरी केलेत?" हा प्रश्न, एवढ्या सगळ्यांतून वाट काढीत तो बिचारा तिसऱ्या रांगेपर्यंत पोचे तोवर दमून जाई. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिलेल्या बायकांना तर नुसती बोटे हललेली दिसत.

पहिल्या रांगेत एकच खुर्ची असे. तिच्यावर अण्णा.

अण्णा हे माझे थोरले बंधू. माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे, म्हणजे बंधू कमी आणि वडील अधिक. ते मिरजेला असतात. अब्दुल करीम खाँसाहेबांनी ज्या गावात अखेरची वर्षे काढली आणि ज्या गावचे तंबोरे देशभर जातात, त्या गावात मास्तरकी करीत त्यांनी जन्म काढला. बारा वर्षे गाणे शिकले; मैफल मात्र कधी केली नाही. "गळा बेताचा आहे, पण कान बरा आहे," असे ते म्हणत. आणि कान बरा म्हणजे किती, तर नव्या तंबोऱ्याची जवारी नीट लागली की नाही हे ऐकायला कारागीर त्यांना मुद्दाम बोलावून नेत. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला सरकारी भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा अण्णा म्हणाले होते, "चला, सरकारलाही ऐकू आलं म्हणायचं!"

असा माणूस पहिल्या रांगेत बसे, डोळे मिटून घेई, आणि वाजवणे संपले की "छान" म्हणून चहा मागे. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. पहिल्या वर्षी लेकीला त्याचा आनंद झाला. दुसऱ्या वर्षी तिने आणखी काही ऐकायला मिळेल म्हणून वाट पाहिली. चौथ्या वर्षी ती मला म्हणाली, "बाबा, काकांना माझं वाजवणं आवडत नाही. आवडत नाही हेसुद्धा सांगावंसं वाटत नाही त्यांना." मी "छे, छे" म्हटले, पण माझाही समज तोच होता. पेटीला ज्यांनी घरात येऊ दिले नाही ते गिटारचे कौतुक काय करणार!

गेल्या वर्षी अण्णा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी दसऱ्यालाच आमच्याकडे आले होते. दिवाळी झाली की लेक नोकरीसाठी बंगळूरला जायची होती. तेव्हा या पाडव्याची बैठक जरा साजरी व्हावी, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जावी, असे मी मनात घेतले; आणि ज्याला खर्च करायचा नसतो त्याला सुचतो तोच मार्ग मला सुचला. आमच्या सोसायटीचा गणपतीतला स्पीकर सेक्रेटरींच्या खोलीत वर्षाचे साडेअकरा महिने नुसता उभा असतो. तो आणि त्याच्याबरोबरचा आरतीचा माईक मी कोजागिरीच्या रंगीत तालमीसाठी मागून आणला.

तो आणायला दोन माणसे लागली, यावरूनच मी काय ते समजायला हवे होते. दिवाणखान्यात मोकळी जागा फक्त कोपऱ्यात. तिथे त्याला अण्णांच्या खुर्चीशेजारी उभा केला, त्याच्यासमोर लेक गिटार घेऊन बसली, गिटारच्या पोटासमोर माईक. तिने पहिली खर्जाची तार छेडली मात्र, मांडणीवरची पितळेची भांडी झणझणली. दुसरी छेडली, आणि स्पीकरमधून 'कूंऽऽ' असा एक आवाज निघाला की समोरच्या इमारतीतली कुत्री जागी झाली. माईकने आवाज घ्यायचा, स्पीकरने तो मोठा करून खोलीत सोडायचा, तोच आवाज पुन्हा माईकमध्ये आणि गिटारच्या पोकळ पोटात शिरायचा, आणखी मोठा होऊन बाहेर पडायचा, अशी ही चक्री भिक्षा असते. डेन्मार्कचे पदार्थवैज्ञानिक सोरेन लार्सन यांच्या नावाने हा प्रकार ओळखला जातो, हे मला नंतर कळले. आणि स्पीकर कोपऱ्यात ठेवला की दोन भिंती मिळून खर्ज आणखी फुगवतात, हेही नंतरच कळले. त्या वेळी मला एवढेच दिसले की अण्णांनी दोन्ही कानांवर हात ठेवले, चेहरा वेडावाकडा केला आणि ते ताडकन् उठून गॅलरीत निघून गेले.

"बघितलंत?" लेक म्हणाली, आणि तिने गिटार खाली ठेवली.

मसाला दुधाचा पेला घेऊन मी गॅलरीत गेलो. अण्णा चंद्राकडे पाहत बसले होते.

"फार मोठा झाला का आवाज?" मी विचारले.

उत्तर नाही. मी पुन्हा विचारले. तेव्हा ते वळले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले. पण माझ्या डोळ्यांकडे नव्हे, ओठांकडे. आणि ते कुठे पाहताहेत हे मला त्या क्षणी कळले. मला कळले हे त्यांनाही कळले.

"चार-पाच वर्षं झाली," ते म्हणाले. "आधी चिमण्या गेल्या. मग फोनची घंटा. आता माणसं बोलताहेत हे ऐकू येतं, काय बोलताहेत ते लागत नाही. हळू बोललं तर पोचत नाही आणि मोठ्यानं बोललं तर कानात खिळा मारल्यासारखं होतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"काय सांगू? गल्लीतले कारागीर अजून जवारी ऐकायला बोलावतात. मी जातो. त्यांच्या चेहऱ्याकडे बघतो आणि मान हलवतो." ते थोडा वेळ थांबले. "पोर फार मन लावून वाजवते, ते दिसतं. म्हणून छान म्हणतो. खोटं नाही ते. पण ऐकलं नाही रे मी तिला. एकदासुद्धा."

आणि मी काही बोलायच्या आत म्हणाले, "तिला सांगू नकोस."

दुसऱ्या दिवशी त्यांना मी कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. घरात 'डोळा दाखवायला' असे सांगितले. डॉक्टरांनी कानांवर यंत्र लावून तपासणी केली आणि एक आलेख समोर ठेवला. डावीकडे सपाट चाललेली रेघ उजवीकडे एकदम खाली उतरत होती, एखाद्या घाटासारखी. त्यांनी समजावून सांगितले ते असे: कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी एक वेटोळी नळी असते. तिच्या तोंडाशी टिपेचे स्वर पकडणाऱ्या पेशी असतात, आत टोकाशी खर्जाचे. वय झाले की तोंडाशी असलेल्या पेशी आधी झिजतात. मग खर्ज राहतो आणि टीप जाते. शब्दांतले स्वर ऐकू येतात पण 'स', 'त', 'क', 'फ' निसटतात, आणि 'साखर' म्हटले की 'आखर' एवढेच पोचते. त्यात गंमत, म्हणजे गंमत नव्हे ती, अशी की हळू आवाज नाहीसा होतो म्हणून मोठा आवाज सोसतो असे नसते. तो उलट अधिकच टोचतो. न ऐकू येण्यात आणि न सोसण्यात अंतर फार थोडे उरते.

त्यांनी श्रवणयंत्राचा सल्ला दिला. पण त्याची सवय व्हायला काही आठवडे जातात आणि ते मुख्यतः बोलणे ऐकण्यासाठी बेतलेले असते, गाणे त्यात नीट बसायला आणखी वेळ लागतो, हेही सांगितले. "तोवर एक करा," निघताना ते मला म्हणाले. "लांबून ओरडू नका. जवळ या, समोर बसा, नेहमीच्या आवाजात बोला."

घरी येताना रिक्षात ते वाक्य माझ्या डोक्यात फिरत राहिले. मी आतापर्यंत आवाज मोठा करायला निघालो होतो. करायला हवे होते ते निराळेच: तो जवळ आणायला हवा होता.

धनत्रयोदशीला अजून आठ दिवस होते. लेकीला घेऊन मी खरेदीला बाहेर पडलो. कारण अर्थात् सांगितले नाही. 'पाहुण्यांना ऐकू जावं म्हणून' एवढेच.

लॅमिंग्टन रोडवरच्या पहिल्याच दुकानात विक्रेत्याने एका दिवे लुकलुकणाऱ्या खोक्यावर हात ठेवला आणि "हजार वॅट!" असे अशा थाटात म्हटले की मी नकळत एक पाऊल मागे सरलो. या वॅटच्या आकड्याने भल्याभल्यांना चकवले आहे. वॅट म्हणजे स्पीकरला किती वीज खाऊ घालता येते त्याचा आकडा. खाल्लेल्याचा आवाज किती होतो ते त्या स्पीकरच्या अंगावर. घरातला जास्त जेवणारा जास्त काम करतो, असे थोडेच आहे! शिवाय कानाचे गणित फार कंजूष असते. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला शक्ती दसपट लागते. उलट मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले तर शक्ती चौपट केल्याइतका लाभ होतो, आणि त्याला पैसा पडत नाही. खुर्ची पुढे सरकवावी लागते, इतकेच.

दुसरे खोके लहान होते, बिनतारी होते, आणि फोनवरची गाणी त्यावर फार गोड लागत. पण गिटारसाठी ते लेकीने हातातही धरले नाही. बिनतारी मार्गाने आवाज पोचायला सेकंदाचा एक-दोन दशांश उशीर होतो. गाणे नुसते ऐकायचे असेल तर त्याचे काही वाटत नाही. पण वाजवणाऱ्याचे बोट आधी आणि स्वर मागाहून, म्हणजे आरती पुढे गेली आणि झांज अजून मागच्या कडव्यात! तारच हवी, हे ठरले.

तिसरे खोके विजेच्या गिटारचे होते. ते टिपेचे स्वर मुद्दामच गाळते, कारण विजेच्या गिटारला ते तसेच शोभते. आमची लाकडी गिटार त्यातून गोधडी पांघरून बोलल्यासारखी वाटली. तेव्हा लाकडी वाद्यासाठी केलेलाच स्पीकर हवा: खर्जासाठी एक मोठा पडदा, टिपेसाठी निराळा लहान, एक तोंड गिटारला, एक माईकला. बॅटरी हवी, म्हणजे जाजमावरून विजेची तार जाणार नाही, पोरे अडखळणार नाहीत, आणि विजेच्या जोडणीतून येणारी ती बारीक गुणगुणही बहुतेक टळेल.

पण तार गिटारला जोडायची कुठे? त्यासाठी आम्ही धोबीतलावाकडे वळलो. तिथल्या वाद्यांच्या एका दुकानातल्या म्हाताऱ्या कारागिराने गिटारच्या घोडीखाली एक बारीक पट्टी बसवून दिली. तिच्यात असा पदार्थ असतो की दाबला की त्यातून वीज निघते. पिएर आणि जाक क्यूरी या भावांनी १८८० साली हा गुण दाखवून दिला. ऐकून मला वाटले, केवढे हे विज्ञान! पण सौ.ला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आपल्या गॅसच्या लायटरसारखं." चौकशी केली तर खरेच तसे निघाले. लायटरमध्ये खटक्याने स्फटिकावर ठोका बसतो आणि ठिणगी उडते. इथे तार थरथरते आणि त्या थरथरीचीच वीज होते. या पट्टीचा एक गुण असा की ती खोलीतला आवाज फारसा ऐकत नाही, घोडीचीच थरथर ऐकते, त्यामुळे 'कूं' होण्याचे भय पुष्कळ कमी. अवगुण असा की ती मानी असते. भलत्याच तोंडात जोडली तर पत्र्यासारखी वाजते. वाद्याच्या पट्टीसाठी केलेलेच तोंड तिला लागते.

त्याच दुकानात चार स्पीकर निवडून ओळीने मांडले. विक्रेता प्रत्येक वेळी महागाचा आवाज थोडा जास्त ठेवी. मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो, हे दुकानदारीचे जुने गुपित आहे. लेकीने त्याला नम्रपणे बाजूला केले, चारही स्पीकर सारख्या आवाजावर आणले, आणि आपल्याच गिटारवर तोच एक तुकडा चारही ठिकाणी वाजवू लागली. मी पाठ करून उभा राहिलो.

आता मला माझे काम करायचे होते. खिशात मी घरून कापसाचे दोन बोळे आणले होते. कापूस सगळे बंद करीत नाही. पण टीप अधिक गाळतो आणि खर्ज त्यामानाने सोडतो. म्हणजे अण्णांच्या कानांची ती एक ओबडधोबड नक्कल. विक्रेत्याचे लक्ष नाही असे पाहून मी ते कानात घातले आणि मान खाली घालून ऐकू लागलो. पहिला स्पीकर नुसता घुमला. दुसऱ्यात बोटे तारेवर घासल्याचा आवाज तेवढा आला, स्वर नाही. तिसऱ्यात प्रत्येक तार निराळी उमटली, हळू असूनही. मी मान वर केली तर समोर आरसा होता आणि आरशात लेक माझ्याकडे पाहत होती. तिची बोटे थांबली होती.

"बाबा, कापूस कशाला?"

मी काहीच बोललो नाही. वचन मोडायचे नाही, एवढेच मला त्या क्षणी सुचले. ती माझ्याकडे पाहत राहिली. चार पाडव्यांचे चार 'छान' तिच्या मनात एका ओळीत उभे राहिले असावेत. मग तिने हात पुढे केला. मी बोळे काढून तिच्या तळहातावर ठेवले. तिने ते आपल्या कानात घातले, गिटार पुन्हा मांडीवर घेतली आणि चारही स्पीकर पहिल्यापासून एकेक करून ऐकले. फार वेळ लावला तिने. विक्रेत्याला आम्ही दोघे बापलेक वेडे वाटलो असू. शेवटी तिने कापूस काढला आणि तिसऱ्यावर बोट ठेवले.

"हाच," ती म्हणाली. "खर्ज थोडा उतरवू, टीप किंचित चढवू. आणि खुर्चीजवळ ठेवू."

'कुणाच्या खुर्चीजवळ' हे तिने म्हटले नाही आणि मी विचारले नाही.

तो स्पीकर साडेसहा इंची पडद्याचा होता आणि पाच किलोंच्या आत भरला. मी तो लोकलमधून मांडीवर घेऊन आलो. किंमत मी सौ.ला सांगितली नाही, तेव्हा तुम्हालाही सांगत नाही. धनत्रयोदशीला तिजोरीबरोबर त्याची पूजा झाली. अण्णांनी त्याच्याकडे पाहून विचारले, "अखेर पेटी आणलीतच का घरात?"

त्या रात्री मी या यंत्राचा इतिहास वाचीत बसलो. पीटर जेन्सन आणि एड्विन प्रिडहॅम या दोघांनी कॅलिफोर्नियात १९१५ च्या सुमारास आवाज मोठा करणारे यंत्र तयार केले, त्याला त्यांनी 'मॅग्नाव्हॉक्स' म्हणजे 'थोर आवाज' असे लॅटिन नाव दिले, आणि १९१९ साली सॅन दिएगोमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांचे भाषण त्यातून सुमारे ५० हजार माणसांना ऐकू गेले. एका माणसाचा आवाज ५० हजारांपर्यंत! आणि आमचे काम केवढे? एका मुलीचा आवाज एका माणसापर्यंत. पण अवघड कोणते, ते मला ठरवता येईना.

पाडव्याच्या संध्याकाळी मंडळी जमली. लेकीने चौरंग आणला आणि स्पीकर त्यावर अण्णांच्या खुर्चीसमोर थोडा तिरका, त्यांच्या कानाच्या उंचीला, हातभर अंतरावर ठेवला. स्वतः त्याच्या मागच्या बाजूला बसली, म्हणजे त्याचे तोंड गिटारकडे राहत नाही. "इथंच वायर पुरते, काका," ती म्हणाली. वायर पुरून वर दोन हात उरली होती. अण्णांनी मान डोलावली. आवाज आपण समोरासमोर बसून बोलतो तेवढाच ठेवला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि रात्री दहानंतर स्पीकर बंद. पण आमच्याविरुद्ध तक्रार करायला शेजाऱ्यांना मुद्दाम आत येऊन बसावे लागले असते. तसे ते बसलेच होते.

मी पंखा बंद केला. कुणीतरी मुलांना फटाके थांबवायला सांगून आले. ती वाजवू लागली.

अण्णांनी सवयीने डोळे मिटले. आणि मग उघडले. ते स्पीकरकडे पाहू लागले, मग तिच्या बोटांकडे, मग पुन्हा स्पीकरकडे. त्यांची मान एका बाजूला कलली. जवारी ऐकताना ती अशी कलायची, हे मला तीस वर्षांपूर्वीचे आठवले. दोन-तीन मिनिटे गेली असतील.

"थांब," अण्णा म्हणाले.

खोली चिडीचूप झाली. बैठकीत मधेच कुणाला थांबवण्याचा असभ्यपणा अण्णांनी जन्मात केला नव्हता.

"गंधार चढा लागतोय तुझा."

लेकीने फोन काढून तारा तपासल्या. काटा प्रत्येक तारेला मधोमध. "काका, यंत्र बरोबर आहे म्हणतंय."

"मग त्या यंत्राचे कान तपासून घे," अण्णा म्हणाले. आणि त्यांनी माझ्याकडे एक कटाक्ष टाकला.

वास्तविक यंत्रही खरे होते आणि अण्णाही. गिटारच्या मानेवरचे पडदे सप्तकाचे बारा सारखे तुकडे करून बसवलेले असतात. आपल्या कानाला गोड लागणारा गंधार षड्जाच्या सव्वापट कंपनांचा. या सारख्या वाटणीत तो केसभर चढा येतो, अर्ध्या स्वराच्या सुमारे १४ शतांशांइतका. पेटीचेही तेच. म्हणूनच जाणकारांचा पेटीवर राग. ऑल इंडिया रेडिओने तर १९४० साली तिच्यावर बंदी घातली, ती सैल व्हायला १९७१ साल उजाडले. याउलट नीट लावलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून, कुणी न वाजवता, खरा गंधार आपोआप उमटतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. ज्याचे कान त्या गंधारावर पोसले त्याला हा केसभर फरक खड्यासारखा लागतो. पण त्यासाठी आधी ऐकू यावे लागते.

"ती जाड तार छेड. नुसती. आणि ऐक, तिच्या पोटात वर एक गंधार आहे," अण्णा सांगत होते. "आता तुझा छेड. भांडताहेत की नाही दोघे? तिसरी तार केसभर उतरव. अजून. अजून जरा. बस्स!"

तिने सगळ्या तारा एकदम छेडल्या. तो नाद कसा मिटला ते मला सांगता येत नाही. स्वयंपाकघराच्या दारातल्या बायकाही बोलायच्या थांबल्या.

"पण काका, आता बाकीचे सूर बिघडणार." तिने दुसरा मेळ वाजवून दाखवला, तो आंबट लागला.

"मग आजच्या दिवस हाच वाजव."

त्या एकाच मेळावर ती पाऊण तास वाजवत होती. अण्णांनी चारदा थांबवले. एकदा लय पळते म्हणून, एकदा मींड तुटते म्हणून, आणि दोनदा पुन्हा गंधारासाठी. 'छान' एकदाही म्हणाले नाहीत. चहाच्या वेळी लेक स्वयंपाकघरात धावत आली आणि आईच्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "आई, काकांनी माझ्या चार चुका काढल्या!" परीक्षेत पहिला नंबर आला तेव्हासुद्धा तिने असे सांगितले नव्हते.

ती बंगळूरला गेली. गिटार घेऊन गेली. स्पीकर मात्र तिने अण्णांबरोबर मिरजेला धाडला. तो तिथे त्यांच्या खुर्चीशेजारी स्टुलावर असतो. दर रविवारी ती काहीतरी वाजवून फोनवर पाठवते आणि अण्णा ते बिनतारी मार्गाने स्पीकरवर लावतात. आता ऐकायचेच असल्याने दशांश सेकंद इकडचा तिकडे झाला तरी चालतो. मग तिला चुकांची यादी जाते. मार्गशीर्षात त्यांनी श्रवणयंत्रही घेतले. बोलताना घालतात, गाणे ऐकताना काढून डबीत ठेवतात, आणि विचारणाऱ्याला आपणहून दाखवतात. गल्लीतल्या कारागिराला त्यांनी सगळे सांगून टाकले. त्यावर तो म्हणाला, "मास्तर, ते आम्हाला कधीच कळलं होतं. तुम्ही यावं म्हणून बोलवत होतो."

राहिली ती कापसाची गोष्ट. आपले गुपित दुकानातल्या आरशाने फोडले, हे अण्णांना आम्ही दोघांनी अजून सांगितलेले नाही. पण दिवाळी अंक ते मुखपृष्ठापासून जाहिरातींपर्यंत सगळा वाचतात, आणि मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना दिसतेही चांगले. तेव्हा आता कळेलच.